बारा बटणांचं इंटरनेट

आधी एक हिशोब करू. समोर जुना नोकियाचा फोन आहे असं धरा. कीपॅडवर बारा बटणं. एक ते नऊ, शून्य, स्टार आणि हॅश. २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, असं करत करत ९ वर डब्ल्यू-एक्स-वाय-झेड. आता ब्राउझरमध्ये गूगलचा पूर्ण पत्ता टाकायचा आहे. डब्ल्यूसाठी ९ एकदा दाबा, थांबा, परत एकदा, थांबा, परत एकदा. टिंबासाठी १. मग जी म्हणजे ४ एकदा. ओ म्हणजे ६ तीनदा. पुढचं अक्षरही ओच, म्हणजे परत थांबा आणि परत तीनदा. असं करत 'डॉट कॉम' संपेपर्यंत २५ वेळा बटण दाबून होतं आणि ४ वेळा कर्सर पुढे सरकायची वाट बघावी लागते. आणि एवढं करून आपण फक्त दारात पोचलो, शोधलं अजून काहीच नाही!

या पद्धतीला मल्टिटॅप म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर केली असेल. जुन्या मोबाइल इंटरनेटचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी सांगतात, स्क्रीन छोटा होता आणि स्पीड नव्हता. दोन्ही खरं आहे. पण या विषयावर जेवढं वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय की खरा प्रश्न लिहिण्याचा होता. वाचायला माणूस कसाही वाचतो. पण इंटरनेटला काहीतरी विचारायचं तर आधी ते लिहावं लागतं, आणि लिहायचं साधन होतं टेलिफोनच्या आकड्यांचं. त्या काळातलं मोबाइल वेब जसं दिसायचं तसं का दिसायचं, याची निम्म्याहून जास्त उत्तरं या बारा बटणांत आहेत.

सुरुवात वॅपपासून. १९९७ साली एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी मिळून वॅप फोरम काढला आणि १९९८ मध्ये वॅपची पहिली आवृत्ती आली. नोकियाचा ७११० हा फोन १९९९ च्या शेवटी बाजारात आला, तो वॅप ब्राउझर असलेल्या अगदी पहिल्या फोनपैकी. त्याचा स्क्रीन ९६ बाय ६५ पिक्सेलचा, तोही काळा-पांढरा. आपल्या आजच्या फोनवर एखाद्या ॲपचा नुसता आयकॉन याच्यापेक्षा जास्त पिक्सेल खातो. या फोनला मध्ये एक गोल फिरणारी चकती होती. ती फिरवली की एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जायचं आणि दाबली की लिंक उघडायची. लिहिण्यापेक्षा निवडणं सोपं, हे तिथेच ठरून गेलं होतं.

वॅपचं पान एचटीएमएलमध्ये नसायचं, डब्ल्यूएमएलमध्ये असायचं. या भाषेची कल्पना मला खूप आवडते. पूर्ण फाइलला म्हणायचं 'डेक', म्हणजे पत्त्यांचा कॅट, आणि एका वेळी दिसणाऱ्या भागाला 'कार्ड', म्हणजे एक पान. अख्खा कॅट एकदाच उतरवून घ्यायचा आणि मग पानं उलटायला परत नेटवर्कवर जायचं नाही. मध्ये एक गेटवे बसलेला असायचा. तो साध्या सर्व्हरकडून मजकूर घ्यायचा, त्यातल्या टॅगांना एक-एक बाइटचे सांकेतिक आकडे द्यायचा आणि असं आटवून फोनकडे पाठवायचा. सुरुवातीच्या फोनमध्ये असा एक डेक साधारण १४०० बाइटच्या आतच बसवावा लागे. हा लेख बसवायचा तर दहा डेकसुद्धा पुरणार नाहीत!

पण डब्ल्यूएमएलमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट इनपुटच्या टॅगमध्ये होती. रकान्याला 'फॉरमॅट' नावाचा गुण द्यायची सोय होती. त्यात चार वेळा एन लिहिलं की अर्थ होतो 'इथे चारच अंक येणार'. मोठा ए लिहिला तर कॅपिटल अक्षर. म्हणजे समजा रेल्वेचा दहा अंकी पीएनआर विचारायचा आहे. दहा वेळा एन लिहिलं की अंक सोडून दुसरं काही तिथे शिरतच नाही, आणि ब्राउझर नीट केलेला असला तर फोन स्वतःहून आकड्यांवर जातो. नाहीतर १ दाबला की टिंब येणार, २ दाबला की ए येणार आणि माणूस मोड बदलत बसणार. आज बँकेचा ओटीपी टाकताना मोबाइलवर आपोआप फक्त आकड्यांचा कीबोर्ड वर येतो ना? ती कल्पना हीच. आता एचटीएमएलमध्ये तिला 'इनपुटमोड' म्हणतात.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती पैशाची. सुरुवातीचं वॅप चालायचं सर्किट स्विचिंगवर, साधारण ९.६ केबीपीएसने. म्हणजे डेटासाठी चक्क एक कॉल लागलेला असायचा आणि मीटर मिनिटावर चालायचं. कल्पना करा, तुम्ही ६ तीनदा दाबून कर्सर सरकायची वाट बघताय आणि त्या वाट बघण्याचेही पैसे लागताहेत! जीपीआरएस आल्यावर हे बदललं, बिल वेळेवर न होता किलोबाइटवर व्हायला लागलं. माझा मामा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याला अजूनही पाठ आहे, '१० केबीला १० पैसे'. मग टायपिंग फुकट झालं पण चित्रं महाग झाली. मामा म्हणतो की ब्राउझरमध्ये पहिलं काम काय, तर चित्रं बंद करायची.

आता जपानकडे जाऊ, कारण तिथे याच सुमारास दुसराच प्रयोग चालू होता. एनटीटी डोकोमो कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ ला आय-मोड सुरू केलं. त्यांनी नवीन भाषा न काढता एचटीएमएललाच छाटून घेतलं आणि बिल पहिल्यापासून पॅकेटवर ठेवलं. आय-मोडच्या पानांवर प्रत्येक लिंकच्या पुढे आकडा असायचा. बातम्या १, हवामान २, गाड्यांचं वेळापत्रक ३. आकडा दाबला की पान उघडलं. पंचवीस दाबांचं काम एका दाबात! याच आय-मोडसाठी शिगेताका कुरिता यांच्या टीमने १२ बाय १२ ठिपक्यांची १७६ चित्रं काढली होती. आज आपण इमोजी म्हणतो त्यांच्या पूर्वजांमध्ये ती धरतात. एका चित्रात एक वाक्य वाचतं, म्हणजे हाही शेवटी बटणं वाचवण्याचाच मामला.

पण मला जास्त नवल वाटलं ते जपानी कीपॅडचं. जपानी काना अक्षरांचा तक्ता ओळींमध्ये असतो. अ-ची ओळ, क-ची, स-ची, त-ची, न-ची, ह-ची, म-ची, य-ची, र-ची आणि व-ची. दहा ओळी, आणि फोनवर दहा आकडे. एकेका बटणावर एकेक ओळ बरोब्बर बसते. क-च्या बटणावर दाबत गेलं की क, कि, कु, के, को. आता ही ओळींची क्रमवारी जरा मोठ्याने वाचून बघा, कानाला ओळखीची लागते की नाही? लागणारच, कारण तो क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेला. बौद्ध भिक्षूंनी नेलेली आपली वर्णमाला जपानच्या फोनवर इतकी छान बसली, आणि आपल्या फोनवर? त्याकडे येतोच.

मध्ये टी-नाइन. सिॲटलच्या टेजिक कंपनीत मार्टिन किंग आणि क्लिफ कुशलर यांनी ही पद्धत काढली. तिचं मूळ अपंग व्यक्तींना संवाद साधता यावा म्हणून केलेल्या कामात आहे. ज्यांना मोजक्याच हालचाली करता येतात त्यांनी पूर्ण शब्द कसे लिहायचे, असा तो प्रश्न. टी-नाइनमध्ये प्रत्येक अक्षरासाठी बटण एकदाच दाबायचं आणि कोणता शब्द असेल ते फोनने डिक्शनरीतून ओळखायचं. 'हॅलो' मल्टिटॅपने लिहायला १३ दाब आणि मध्ये एक थांबा, टी-नाइनने सरळ ४-३-५-५-६, पाच दाब. टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक स्कॉट मॅकेन्झी यांनी २००२ साली यासाठी एक माप वापरलं, एका अक्षरामागे किती दाब. इंग्रजी मजकुरासाठी मल्टिटॅपचं उत्तर आलं २.०३४२ आणि टी-नाइनचं १.००७२. म्हणजे जवळजवळ कॉम्प्युटरच्या कीबोर्डइतकंच, बारा बटणांवर! वरचा जो चिमूटभर फरक आहे तो एकाच आकड्यांतून दोन-तीन शब्द निघतात त्याचा. ४-६-६-३ दाबलं की 'गुड' येतं, 'होम' येतं आणि 'गॉन'ही. २-६-६-५ म्हणजे 'बुक' आणि 'कूल', म्हणून इंग्लंडमधली पोरं भारी गोष्टीला गमतीने 'बुक' म्हणायला लागली होती.

मात्र या आकड्यात एक मेख आहे. शब्द डिक्शनरीत असायला पाहिजे. वेबवर आपण काय टाइप करतो? पत्ते, युजरनेम, पासवर्ड, गावांची नावं, माणसांची आडनावं. यातलं डिक्शनरीत काही नसतं. म्हणजे टी-नाइन मेसेजला उपयोगी आणि ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा बंद. पासवर्डची तर वेगळीच अडचण. अक्षर फुली होऊन दिसलं तर तीनदा दाबलं की चारदा, हे कळणार कसं? म्हणून टाकलेलं अक्षर क्षणभर दाखवायचं आणि मग त्याची फुली करायची, अशी तडजोड निघाली. टचस्क्रीनवर पासवर्ड टाकताना शेवटचं अक्षर थोडा वेळ दिसतं, ते बघितलं की मला हेच आठवतं.

याचा परिणाम काय झाला बघा. पत्ता टाइप करणं एवढं त्रासाचं म्हटल्यावर लोक पत्ते टाइप करेनातच. फोनवर इंटरनेटचं बटण दाबलं की मोबाइल कंपनीचं स्वतःचं पान उघडायचं आणि त्यात जी यादी असेल तेच बहुतेकांचं इंटरनेट. यादीत ज्याचं नाव वर त्याच्याकडे गिऱ्हाईक. त्या बंदिस्त व्यवस्थेला इंग्रजीत 'भिंतीआडची बाग' म्हणत. भिंत मोठी कशाला हवी, पंचवीस दाबांची पुरते! यावर उपाय म्हणून २००६ मध्ये खास मोबाइलच्या साइट्ससाठी 'डॉट मोबी' हा नवा शेपटा खुला झाला. आता गंमत मोजा. 'कॉम' लिहायला ७ दाब, 'मोबी' लिहायला ९. मोबाइलसाठी काढलेलं नाव मोबाइलवरच जास्त जड! डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लिहायची गरज पडू नये असं मात्र त्या लोकांचं म्हणणं होतं, ते योग्यच.

आमच्या मामाच्या बॅचने मात्र भिंत ओलांडली ती ऑपेरा मिनीमुळे. जानेवारी २००६ मध्ये हे जगभर खुलं झालं. साधं जावा चालणारा फोन असला की पुरे. युक्ती अशी की खरा ब्राउझर फोनमध्ये नाहीच, तो ऑपेराच्या सर्व्हरवर. तो पान उघडतो, मांडतो, आटवतो आणि फोनला पाठवतो. आकार ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शके. १० केबीला १० पैसे देणाऱ्या हॉस्टेलवाल्यांना आणखी काय पाहिजे होतं! पण लिहिण्याची कटकट इथेही सुटली नव्हती. कुठल्याही रकान्यावर क्लिक केलं की पान नाहीसं व्हायचं, एक पूर्ण स्क्रीनभर पांढरी चौकट उघडायची, त्यात लिहायचं, ओके करायचं, मग परत पान. मामाला वाटायचं हा ऑपेराचा आळस. कारण वेगळं होतं. ॲप जावामध्ये आणि टी-नाइन फोनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये. स्वतः रंगवलेल्या पडद्यावर ॲपला टी-नाइन वापरता येत नसे. ते हवं तर फोनची स्वतःची चौकट उघडावीच लागे.

आणि आता मराठी.

बऱ्याच फोनवर देवनागरीची सोय होती त्यात अक्षरं वर्गाप्रमाणे वाटलेली असायची. एका बटणावर क ख ग घ ङ, दुसऱ्यावर च छ ज झ ञ, पुढे ट, त, प आणि मग य र ल व. वर्णमाला तोंडपाठ असलेल्या माणसाला शोधायला सोपं, यात वाद नाही. पण आपल्याला वारंवार काय लिहावं लागतं? न, म, त, र, ह. यातले न आणि म त्यांच्या वर्गात पाचवे! म्हणजे 'मन' लिहायचं तर पाच अधिक पाच, दहा दाब. तेच इंग्रजी अक्षरांत एम-ए-एन, एक अधिक एक अधिक दोन, चार दाब. आणि जोडाक्षरासाठी पाय मोडण्याचं चिन्ह वेगळं. जपानी ओळीत अक्षर पूर्ण होतं, आपल्याकडे अक्षरानंतर मात्रा उरते आणि मात्रेनंतर कधीकधी अनुस्वार. वर्णमाला उच्चाराच्या शास्त्राप्रमाणे लावलेली आहे, बोटांच्या सोयीप्रमाणे नाही, आणि कीपॅड करणाऱ्यांनी ती जशीच्या तशी बटणांवर ठेवून दिली. पुढे नोएडाच्या लूना अर्गोनॉमिक्सने पाणिनी कीपॅड काढला. त्यात पुढे येऊ शकणारी अक्षरं अंदाजाने समोर आणली जायची. पण तोपर्यंत लोकांची सवय बनून गेली होती.

त्यात एसएमएसचं गणित. एका मेसेजची जागा १४० बाइट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला युनिकोडमध्ये १६ बिट, म्हणून ७०. आणि ही सत्तर आपण मोजतो तशी अक्षरं नाहीत. 'पुण्यात' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, मशीनला सातांचा. 'मी सुखरूप पोहोचलो, जेवण झालं, काळजी करू नकोस' एवढं लिहिलं की ४४ जागा संपल्या. उरलेल्या २६ मध्ये पैसे मागायचे!

म्हणून मामा हॉस्टेलवरून घरी मेसेज पाठवायचा तो इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. टी-नाइनला तो कळायचा नाही, म्हणून मल्टिटॅप, आणि मल्टिटॅप म्हणून स्वर गाळलेले. 'नाही' मधला काना कशाला, एन-एच-आय पुरे. माझी आजी चौथी शिकलेली, सातारा जिल्ह्यातली, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी. तिला तो मेसेज वाचता यायचा नाही. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी येऊन मोठ्याने वाचून दाखवायची. मामा नापास झाला ते आजीच्या आधी शेजारी कळलं, असं आई सांगते. वाचता येणारी बाई आपल्याच मुलाचं आपल्याच भाषेतलं पत्र वाचू शकत नव्हती.

मी स्वतः कॉन्व्हेंटमधली. शाळेत मराठी थर्ड लँग्वेज, घरी पूर्ण मराठी. पण आमच्या ग्रुपवर आम्ही मैत्रिणी आजही मराठी इंग्रजी अक्षरांतच लिहितो, तेही स्वर गाळून. माझ्या फोनवर देवनागरी कीबोर्ड आहे, बोलून लिहायची सोय आहे, सत्तरची मर्यादा नाही. तरीही! मी कधी बारा बटणांवर मेसेज लिहिला नाही, पण त्या बटणांनी लावलेली सवय माझ्यापर्यंत आलीच. (हा लेख मात्र देवनागरीत टाइप केलाय, संपादक साक्षीला आहेत.)

२०१६ मध्ये सरकारने नियम केला की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे आणि २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत. आयएस १६३३३ हे त्या मानकाचं नाव. २०१७ मध्ये जिओफोन आला. कीपॅड तोच जुना आणि आत चांगला ब्राउझर, शिवाय बोलून शोधायची सोय. आजीकडे आता हाच फोन आहे. ती पत्ता टाइप करत नाही, मधलं बटण दाबून त्याच्याशी बोलते. बोलली की झालं.

कीपॅडचे फोन संपले असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या हॉस्टेलच्या गेटवर बघावं. वॉचमन काकांचा फोन कीपॅडचा, मेसच्या दोन मावशींचा कीपॅडचा. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे काहीजण तर मन लागावं म्हणून मुद्दाम तो घेतात. टीईच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या चौघींच्या ग्रुपने विषय घेतलाय हॉस्टेलच्या तक्रारींचा फॉर्म, आणि अट अशी ठेवली की तो काकांच्या आणि मावशींच्या फोनवर भरता आला पाहिजे. पहाटे पाचला टाकी वाहताना दिसते ती त्यांना, आपल्याला नाही. डब्ल्यू३सी ने २००८ मध्ये मोबाइल वेबसाठी ज्या शिफारशी केल्या होत्या त्या आम्ही समोर ठेवल्या. दाब कमीत कमी, मोकळं लिहिणं शक्यतो टाळा, नेहमीचं उत्तर आधीच भरलेलं ठेवा. मजल्यासाठी यादी. रूम नंबरचा रकाना फोन नंबरच्या प्रकारचा, म्हणजे फोन आपोआप आकड्यांवर जातो. पासवर्ड नाही, चार आकडी पिन. तक्रारीचे प्रकार एक ते सात, आकडा दाबला की झालं. एका पानावर एकच प्रश्न, अगदी वॅपच्या पत्त्यांसारखं. मोजून बघितलं तर पाणी गळतीची तक्रार तेरा दाबांत जाते.

आता फॉर्ममध्ये एकच मोकळा रकाना उरला आहे, 'आणखी काही सांगायचं आहे का?' माझी पार्टनर म्हणते काढून टाक, कीपॅडवर कोण लिहिणार. मेसच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ठेवा की, मी नातीकडून लिहून घेईन." नातीकडून नको म्हणूनच तर हे सगळं चाललंय. बोलून सांगायची सोय त्या रकान्याला जोडता येते का ते या आठवड्यात करून बघतोय. काकांनी त्यांचा फोन टेस्टिंगला द्यायचं कबूल केलंय, फक्त रात्रीच्या ड्यूटीच्या आधी परत हवा म्हणाले.